शीळफाट्याला डावीकडे

नटावर पाना बसला की तो माणूस बोलायचा बंद व्हायचा. समोर कोणीही असो, वाक्य कुठेही असो. "ताई, त्याचं काय आहे की..." एवढ्यावर थांबायचा आणि नट पुरता आवळून होईपर्यंत तोंडातून अक्षर नाही. मग नटावरून खालच्या लोखंडावर उतरणारी लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची, तिच्यावर फुंकर मारायची आणि मग पुढचे शब्द: "...ते बेअरिंग मी परत खोललं." सुरुवातीला मला हे इतकं उद्धट वाटायचं की दोनदा मी तिथून उठून चालती झालेली. माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही होतं. पण हातातला नट त्याला माझ्या रागापेक्षा मोठा वाटायचा, आणि आता विचार केला तर तो बरोबरच होता.

नाव हरेश्वर, कोपरीचा कोळी. ठाण्यातल्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला फिटर होता आणि मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे यंत्रांचे नकाशे काढणारी, डोंबिवलीहून येऊन-जाऊन. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कारखान्यातले लोक त्याला 'नाखवा' म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. खरं तर होडी त्याने आयुष्यात चालवली नव्हती. त्याच्याकडे होती साडेतीनशे सीसीची जुनी काळी मोटरसायकल. घरामागे पत्र्याची शेड होती, तिला तो मोठ्या ऐटीत गॅरेज म्हणायचा. आत लोखंड पकडायचा एक व्हाइस, एक हातड्रिल आणि छताला बांधलेलं वडिलांचं जुनं जाळं. जाळ्यात मासे नव्हते. ट्यूबा, केबल, चेनचे तुकडे आणि जुने ब्रेक-शू लटकत असायचे. गाडीला कंपनीकडून आलेलं असं फारसं काही शिल्लक नव्हतं. हँडल त्याने वाकवलेलं, स्टँड त्याने बनवलेला, सायलेन्सरसुद्धा दोनदा कापून पुन्हा जोडलेला.

नेलपॉलिशची गोष्ट सांगायलाच हवी. आवळलेल्या नटावर रेघ मारली की नट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसते, हे त्यामागचं शास्त्र. पण ते शास्त्र दुकानदाराला कसं कळणार? स्टेशनजवळच्या जनरल स्टोअर्समध्ये हा गडी उभा राहून खिशातल्या नटावर एकेक लाल रंग लावून बघत होता. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "वहिनींना हा गडद जास्त शोभेल." नाखवा म्हणाला, "वहिनी नाही, ॲक्सल आहे." लग्न त्याने केलंच नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्याची दुसरी खोड वर्तमानपत्राची. गाडी खोलताना तो जमिनीवर पेपर पसरायचा आणि निघालेला प्रत्येक पार्ट ओळीने त्यावर ठेवायचा. प्रत्येकाभोवती पेन्सिलीने रेघ काढायची, नाव लिहायचं, वॉशरची कुठली बाजू वर ते लिहायचं. बसवताना उलट्या क्रमाने उचलत जायचं. एकदा मला त्याच्या घरून नारळाच्या वड्यांचा डबा आला. घरी येऊन डब्यावरचा कागद सोडला तर आतल्या बाजूला पेन्सिलीने गोल गोल आकार आणि अक्षरं: 'क्लच प्लेट ३', 'वॉशर, घासलेली बाजू आत'. त्याच्या बहिणीने पार्ट एका तपेल्यात ओतून कागद डब्याला गुंडाळलेला. दुसऱ्या दिवशी मी तो कागद नेऊन दिला. त्याने तोवर सगळा क्लच आठवणीने बसवून टाकला होता, गाडी चालवत कामावरही आला होता. कागद दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "एक वॉशर उलटी गेलीये. परत खोलायला पाहिजे."

"अहो, चालतेय ना गाडी?" मी म्हटलं.

"चालतेय. पण उलटी गेलीये."

संध्याकाळी परत खोललंनच. 'परत खोलू' हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर होतं.

बहिणीचं नाव आवडीबाई. त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. आई गेल्यावर याला तिनेच वाढवलं. याचं आयटीआय झालं ते तिने डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकून. तिथली तिची जागा मूळची त्यांच्या आईची: मासळीवाल्यांच्या ओळीत डावीकडून चौथी, नळाच्या समोर. ठाण्यात माल घ्यायचा, डोंबिवली गाठायची, एका बुटक्या पाटावर बसून विकायचं. चाळीसेक वर्षं त्या जागेवर या घरातली बाई बसत आली होती.

त्या वर्षी होळीनंतर आवडीबाई बाजारातच बर्फाच्या पाण्यावर घसरून पडली. गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी तो जोडला, पण पाय दुमडेना. कायमचा सरळ, काठीसारखा. आता स्टेशनचा पूल चढता येईना, बसची पायरी चढता येईना. रिक्षात बसवलं तर पाय बाहेर, आणि मासळीच्या टोपल्या बघितल्या की रिक्षावाले आधीच तोंड वाकडं करून निघून जायचे.

मी भेटायला गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, "आता आराम करा, आवडीबाई. भाऊ कमावता आहे."

"आराम काय करू गो बाय?" ती म्हणाली. "जागा गेली की मी गेली."

जागेचा नियम मला नाखवाने समजावून सांगितला. पावसाळ्यात होड्या बंद, ओळ विस्कळीत असते, कोण आलं कोण नाही कोणी बघत नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या बाहेर पडतात, आणि पहिली मासळी बाजारात येते त्या सकाळी ओळ नव्याने बसते. त्या सकाळी जी बसली नाही तिच्या जागेत दोन्ही बाजूच्या सरकतात. भांडण नाही, कागद नाही. नुसत्या सरकतात, आणि जागा उरत नाही. चार महिने होते.

"मी साइडकार लावतोय गाडीला," तो म्हणाला. "आरटीओला ड्रॉइंग लागतं. काढाल?"

मला आधी गंमत वाटली. मग त्याचं तोंड बघितलं आणि वही उघडली.

कामाला सुरुवात झाली ती वखारीतून. लाकडं तोलायच्या काट्यावर आवडीबाईला उभं केलं. कुबडी बाजूला ठेवून ती अशी ताठ उभी राहिली की वखारवाल्याची हसायची छाती झाली नाही. तितक्याच वजनाची वाळू गोणीत भरली आणि नाखवाने गोणीवर ऑइलपेंटने लिहिलं: 'आक्का'. तो बहिणीला आक्का म्हणायचा. चाचणीला ही गोणी बसणार होती. "खऱ्या आक्काला एकदाच बसवायचं," तो म्हणाला. "तिला आता परत पाडायचं नाही."

पाइपची चौकट त्याने वाकवली. चाक भंगारातल्या स्कूटरचं, अंग तेलाच्या पिंपाच्या पत्र्याचं, पुढे निमुळतं नाक. चार मोठ्या बोल्टांनी सगळं गाडीच्या डाव्या अंगाला जोडलं. रोज पहिली पाळी सुटली की तो गॅरेजमध्ये, आणि रविवारी दुपारी मी ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन तिथे. आमच्या घरी यावरून थोडं वाजलंही. पण माझा एक स्वभाव आहे, हातात घेतलेलं अर्धं सोडवत नाही. त्या बाबतीत आमचं दोघांचं जमायचं.

खरी अडचण होती शीळफाट्याची. ठाण्याहून कळवा, मुंब्रा करत गेलं की शीळफाट्याला डोंबिवलीसाठी डावीकडे वळावं लागतं, आणि डावीकडे जोडलेली साइडकार डाव्या वळणावरच दगा देते: तिचं चाक वर उचलतं. मागे ट्रक लागलेले, तिथे गोगलगायीसारखं वळून चालणार नाही. नाखवा एका रविवारी शीळफाट्याला गेला, ते वळण पावलांनी मोजून आला, आणि कोपरीत जुन्या मिठागराजवळच्या मोकळ्या जागेत पांढरी फक्की टाकून ते तसंच्या तसं जमिनीवर काढलं. त्या रेघेवरून गाडी न उचलता वळली पाहिजे, ही परीक्षा.

पहिल्या फेरीत चाक वीतभर उचललं. गोणी खुर्चीत बसवलेली, पट्ट्याने बांधलेली, तरी. चौकट रुंद केली. परत खोलून चाक पुढे घेतलं. परत खोलून स्प्रिंग बदलल्या. चेनचा मागचा दातरा मोठा घातला, कारण वजनाने इंजिन दमत होतं. प्रत्येक वेळी नवीन रेघा, प्रत्येक वेळी फुंकर. मी पानंच्या पानं हिशेब केले आणि प्रत्येक वेळी छातीठोकपणे सांगितलं, आता नाही उचलणार. प्रत्येक वेळी उचललं. अकराव्या वेळी गोणीसकट गाडी खाजणातल्या चिखलात गेली. नाखवा बाहेर आला तेव्हा कोपर सोललेलं आणि कमरेपर्यंत काळा. नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते.

माझा धीर सुटला आणि तो माझ्या पद्धतीने, म्हणजे रागाने, बाहेर पडला. "पुरे करा आता नाखवा," मी म्हटलं. "जागेपायी बहिणीला मारणार आहात का? नसेल जमत एखादी गोष्ट."

त्याने गोणी चिखलातून ओढून काढली, 'आक्का' या अक्षरांवरचा चिखल हाताने पुसला. "आठ दिवस आहेत की अजून," तो म्हणाला. "परत खोलू."

गाडी ढकलत शेडमध्ये आणली. कुबडीचा आवाज ऐकू आला. आवडीबाई एका हातात चहाची किटली घेऊन दारात उभी. इतके महिने तिने आत पाऊल टाकलं नव्हतं. जमलं की सांग, एवढंच तिचं म्हणणं. त्या दिवशी तिने साइडकारमध्ये वाकून पाहिलं.

"ही खुरची कोनासाठी रं?"

"तुझ्यासाठी, आक्का."

"मी कंदी खुरचीत बसली?" ती म्हणाली. "हॉस्पिटलात बसवलेली, तर मना सारखं पडल्यासारखं वाटत होतं. माझा पाट कुठं हाय?"

मी समजावायला गेले, की अहो गाडी आहे ही, बाजार नाही. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. कुबडी टेकत घरात गेली आणि पाट काखेत घेऊन परत आली. पाट म्हणजे चार बोटं उंचीचा, काळा पडलेला, मधे बसून बसून खड्डा झालेला. "पाय असा लांब सोडीन आणि खाली बसीन. बाजारात बसते तशी."

नाखवा पाटाकडे बघत होता, मी साइडकारकडे. आणि मला कोणी तोंडात मारावी तसं झालं. खुर्चीत बसवायचं म्हणजे वजन उंच. शिवाय सरळ पायाला पुढे जागा हवी म्हणून खुर्ची पार मागे, चाकाच्याही मागे ढकललेली. चार महिने मी त्या उंच, मागे गेलेल्या वजनाचे हिशेब करत होते. पण ती खुर्ची मुळात मीच काढलेली. कोणाला बसवायचं म्हटलं की माझी पेन्सिल खुर्चीच काढते, कारण मी खुर्चीत बसते. जिला बसायचं होतं तिला विचारावं, हे ना मला सुचलं ना तिच्या सख्ख्या भावाला. कारखान्यात राहून त्याचीही बसायची सवय बदललेली. मला इतकी लाज वाटली की चहा मी उभ्यानेच प्यायले.

खुर्ची कापून काढली. पाट तळाच्या पत्र्यावर, बरोबर चाकाच्या रेषेत. पुढच्या नाकात पाय सरळ जाईल अशी जागा. पाटावर गोणी बांधली आणि फक्कीच्या रेघेवर गाडी वळवली. चाक जमिनीवरून हललं नाही. नाखवाने सहा फेऱ्या मारल्या. मग गोणी उतरवली आणि बहिणीला उचलून आत ठेवलं. आवडीबाईने पदर खोचला, एका हाताने पत्र्याची कड धरली. वळण झालं, गाडी थांबली.

"परत," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत बसून मी नवीन ड्रॉइंग काढलं. आयुष्यात वाहनाच्या ड्रॉइंगमध्ये 'लाकडी पाट' असं मी एकदाच लिहिलं. पासिंगला इन्स्पेक्टर आले ते कमी बोलणारे, कडक गृहस्थ. कागद बघितले, गाडीभोवती फिरले आणि विचारलं, "सीट कुठे आहे?"

"मी बसलेली दिसत नाय काय?" आवडीबाई आतून म्हणाली.

त्यांनी लाल रेघांबद्दल विचारलं. नाखवाने सांगितलं. मग त्या माणसाने खाली वाकून एकेक नट, एकेक रेघ तपासली, सगळ्या. गोल फेऱ्या मारायला लावल्या. धरायला एक आडवा दांडा लावा, म्हणाले, तो लावून दोन दिवसांनी परत या. दोन दिवसांनी सही झाली.

पहिल्या मासळीच्या सकाळी मी कामावर जायच्या आधी डोंबिवलीच्या मासळी बाजारात जाऊन उभी राहिले. आमच्या सात पिढ्यांत त्या गल्लीत कोणी पाऊल टाकलं नसेल. नाकाला पदर लावून मी नळासमोरची चौथी जागा बघत होते. तिसरीचा पाट हातभर इकडे आलेला, पाचवीची टोपली हातभर तिकडे. मधे एक टीचभर फरशी. उजाडलं, गिऱ्हाईक यायला लागलं, तरी गाडीचा पत्ता नव्हता.

मग गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला. नाखवाने तिला उचलून आणलं, हमालासारखं नाही, देवाला आणतात तसं. पाट आधी ठेवला, मग तिला ठेवलं. तिसरीने आपला पाट मागे घेतला. पाचवीने टोपली ओढून घेतली आणि म्हणाली, "उशीर केलास गो." आवडीबाईने पाय लांब सोडला आणि विळी मांडली. नाखवा तिथेच उभा राहून, एवढ्या बायकांसमोर, खांद्याला डोळे पुसत होता.

त्यानंतर जवळजवळ बारा वर्षं ती गाडी शीळफाट्याला डावीकडे वळत राहिली. नाखवाने त्यासाठी कायमची दुसरी पाळी मागून घेतली. आवडीबाईला बाजारात सोडायचं, तिकडून कामावर, परतीला तिला ओळीतल्या बायका कोणा ओळखीच्या टेम्पोत बसवून द्यायच्या. मग नव्वदच्या दशकात आमच्या कारखान्याला टाळं लागलं. आम्ही पांगलो. मी डोंबिवलीतच एका छोट्या ऑफिसात लागले, भेटी थांबल्या. आवडीबाई आषाढात गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. मी भेटायला गेले नाही. काय बोलायचं ते सुचेना, हे खरं कारण आहे.

पण नारळी पौर्णिमा झाली आणि मला घरात बसवेना. पहिल्या मासळीच्या सकाळी पुन्हा त्या गल्लीत गेले. जागा गेली असेल, ती बघून यायची, एवढंच मनात होतं.

नळासमोर, चौथ्या जागेवर, त्याच पाटावर नाखवा बसलेला. दोन्हीकडे बायका आणि मधे हा एकटा पुरुष, चष्मा लावून, केस पांढरे झालेले. पुढे वर्तमानपत्र, त्यावर मासळी लहान-मोठी अशी ओळीने मांडलेली, शेपट्या सगळ्या एका बाजूला. एक गिऱ्हाईक भाव विचारत होतं आणि हा विळीवर पापलेट कापत होता. कापून होईपर्यंत तोंडातून अक्षर नाही. गिऱ्हाईक वैतागून पुढे गेलं.

"बगा ताई," पाचव्या जागेवरची मला म्हणाली. "असा धंदा करतो ह्यो. आमी शिकवतो तर म्हनतो, परत दाखव."

"जमतंय का नाखवा?" मी विचारलं.

त्याने कापलेलं पापलेट ठेवलं, हात पुसले. "नाही अजून. पण जागा आहे."

उन्हं चढल्यावर त्याने आवराआवर केली आणि मी त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेले. काळी गाडी, डावीकडे पिंपाच्या पत्र्याची साइडकार. आत रिकाम्या टोपल्यांच्या बाजूला ती गोणी. 'आक्का' ही अक्षरं त्याने अलीकडेच परत रंगवलेली. त्याने हातातला पाट तळाला ठेवला, गोणी उचलून पाटावर बसवली, दोरीने बांधली.

मी खाली वाकून बघितलं. साइडकार गाडीला धरून ठेवणारे ते चार बोल्ट. चारही रेघा जुन्या, विटलेल्या, पण अखंड. इतक्या वर्षांत ज्याने प्रत्येक गोष्ट परत खोलली त्याने हे चार बोल्ट हलवले नव्हते.

"साइडकार काढून टाकली तर गाडी हलकी होईल," मी म्हटलं. "अर्ध्या तासाचं काम आहे तुम्हाला. टोपल्या मागे कॅरिअरवर बसतील."

तो दोरीची गाठ मारत होता, म्हणून बोलला नाही. गाठ पक्की झाल्यावर म्हणाला, "शीळफाट्याला डावीकडे वळायचं असतं ना, ताई. वजन लागतं."

तळाला दोन टोपल्या मासळी आणि बर्फ असला की बाजाराला येताना ते वजन पुरतं, आणि घरी जाताना ते वळण उजवीकडचं असतं. हा हिशेब माझाच होता, माझ्याच हाताने ड्रॉइंगवर लिहिलेला, आणि तो त्याला पाठ होता.

"हो," मी म्हटलं. "लागतं."

त्याने किक मारली.